न चाटलेली वीट

काळीचं करडू आपल्या पायांवर उभं राहिलं तर शेळ्या ठेवायच्या, नाही तर डोंगरीच्या फ्रेडीला देऊन टाकायच्या, असं सुलूबाईंनी ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे काय, सकाळच्या घाईत सुनेनं पुन्हा विचारलं आणि त्यांच्या तोंडून ते निघून गेलं.

दिव्या डबा भरत होती. "आई, एकदा काय ते सांगा ना. तो मीरा रोडचा माणूस माझ्यासाठी खोली किती दिवस अडवून ठेवेल?"

"काळी व्याली की सांगते. करडू उभं राहिलं तर शेळ्या हितंच ऱ्हातील. न्हाय राहिलं तर फ्रेडी घेऊन जाईल, आन् मी येईन तुमच्यासंगती."

दिव्याने डब्याचं झाकण लावलं. "चालेल," ती म्हणाली.

दिव्या मीरा रोडला कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. नऊ वर्षांच्या सान्वीची शाळाही तिकडेच. दोघी सकाळी मुर्ध्याहून बस धरायच्या, स्टेशनला उतरून पुढे रिक्षा, आणि संध्याकाळी तसंच उलटं. सासूला एकटं टाकून जायला दिव्या तयार नव्हती आणि शेळ्या टाकून सुलूबाईंना जाता येत नव्हतं.

"दुसऱ्या मजल्यावर शेळ्या चढत नाहीत का?" सान्वीने विचारलं होतं.

"चढतील. पण सोसायटीवाले शेळ्यांबरोबर आपल्यालाही खाली उतरवतील," दिव्या म्हणाली होती.

शेळ्या धाकूच्या होत्या. धाकू म्हणजे सुलूबाईंचा मुलगा, दिव्याचा नवरा. तो टेम्पो चालवायचा आणि हौस म्हणून शेळ्या पाळायचा. श्रावणात घोडबंदरच्या उतारावर टेम्पो उलटला. घरी आलेल्या बायका ऊर बडवून रडल्या. सुलूबाई आत जाऊन त्यांच्यासाठी पाणी घेऊन आल्या. कोण कुठे बसलंय, कुणाला पाणी मिळालं नाही, एवढं त्यांना नीट दिसत होतं. त्यानंतर सगळं पूर्वीसारखंच चालू होतं. फक्त ते शेजारच्या घरात टीव्ही लागल्यासारखं थोडं पलीकडे चाललेलं असायचं.

सुलूबाई गावच्या बालवाडीच्या बाई होत्या. मुर्ध्यातली अर्धी तरणी पोरं रंग आणि आकडे त्यांच्याकडे शिकली. मुलाने काही विचारलं की हातातलं काम ठेवून त्या खाली बसायच्या, त्याच्या डोळ्यांसमोर डोळे येतील अशा. आता सान्वी विचारायची तेव्हाही त्या उत्तर द्यायच्या. उत्तर बरोबर असायचं. दुकानाची पाटी वाचून दाखवावी तसं ते यायचं.

माघात चांदरी नावाची शेळी व्याली होती. दोन करडं झाली. दोन्ही टवटवीत, दुधासाठी तोंड वर करणारी. पण मागचे पाय लुळे. पुढच्या पायांवर उठायची आणि मागचं अंग ओढत राहायची. चार दिवसांत दोन्ही गेली. कुणी म्हणालं नजर लागली. कुणी म्हणालं, धाकूचा जीव शेळ्यांत अडकलाय. सुलूबाईंनी करडं बांधापाशी पुरली, हात धुतले आणि चूल पेटवली.

मग एक दिवस सान्वी म्हणाली, "आजी, काळीचं नाव बदलायला पाहिजे. ती चॉकलेटी होत चाललीय."

खरंच होतं. काळीच्या पाठीवरचे केस गंजल्यासारखे तांबूस झाले होते आणि डोळ्यांभोवती फिक्या कडा दिसत होत्या, चष्मा लावल्यासारख्या. दिव्याने मोबाइलवर फोटो काढला आणि दवाखान्यातल्या मॅडमना दाखवला.

रविवारी मॅडम स्वतः स्कूटरवरून आल्या. डॉक्टर मृणालिनी. "मी आधीच सांगते हं," अंगणात हेल्मेट काढता काढता त्या म्हणाल्या, "हल्ली माझं सगळं कुत्र्या-मांजरांचं. शेळ्या कॉलेजात शिकले, त्याला खूप वर्षं झाली. म्हणून येताना माझ्या सरांना फोन करून विचारून आलेय."

त्यांनी काळीच्या पापण्या उलटून पाहिल्या, केसांतून हात फिरवला, पोट चाचपलं. चांदरीच्या करडांबद्दल खोदून खोदून विचारलं. मग गोठ्याच्या आढ्याला दोरीने टांगलेली वीट त्यांना दिसली. जनावरांनी चाटायची खनिजांची वीट. तिचे कोपरे अजून धारदार होते. वर उठवलेली अक्षरंही तशीच.

"ही कधी टांगलीत?"

"धाकूने टांगली. आदल्या वर्षी."

"आणि चाटत नाहीत?"

"न्हाय. गरज न्हाय त्यांना," सुलूबाई म्हणाल्या. "मिठागरावरच्या शेळ्या हाईत."

मुर्ध्यात हे सगळेच म्हणायचे. पूर्वी शेळ्या घरामागच्या शेतांच्या बांधांवर चरायच्या. तिथे बाभळी होत्या, बोरी होत्या, सुबाभूळ होतं. मग तिथे पत्र्याचं कुंपण पडलं, आणि कुंपणाआड टॉवर उभा राहू लागला. तेव्हापासून धाकू शेळ्या बंद पडलेल्या मिठागराकडे न्यायचा. तिथे त्या मोरस नावाचा खारट पाला खायच्या आणि वाळलेल्या वाफ्यांतला मिठाचा पांढरा थर चाटायच्या. वीट विकणाऱ्याने गळ्यात मारली म्हणून त्याने ती टांगली होती, आणि शेळ्या तिच्याकडे बघत नाहीत हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. बघा, जनावराला कळतं. पोट भरलेलं असलं की जनावर तोंड लावत नाही. आपल्या शेळ्यांना खाडीच सगळं देते.

मॅडम थोडा वेळ विटेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सान्वीला हाक मारली. "इकडे ये. मूठ कर. इथे ठेव, डाव्या कुशीत. दाबून ठेव आणि गप्प राहा."

सान्वीने मूठ ठेवली. जरा वेळ काही नाही. मग तिचे डोळे मोठे झाले. "आतून कोणीतरी ढकललं!"

"ते कोठीपोट. शेळीच्या पोटाचे चार कप्पे असतात, त्यातला सगळ्यात मोठा. तुझी आजी इडलीचं पीठ आंबवते ना, तसा तो आंबवायचा हंडा आहे. आत डोळ्यांना न दिसणारे एवढेसे जीव आहेत, भाईंदरच्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त. शेळी पाला खाते असं आपल्याला वाटतं. ती नुसती पाला आत पाठवते. तो खातात हे जीव. आणि मग शेळी त्यांच्या जिवावर जगते."

"आणि ढकललं कोणी?"

"पोटच ढकलतं. पीठ ढवळतो तसं ढवळत राहतं सारखं. थोडं वर पाठवतं, शेळी ते पुन्हा चावते. रवंथ म्हणतात त्याला."

"ते मला माहितीये. आजीने शिकवलंय," सान्वी म्हणाली.

सुलूबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. शिकवलं होतं खरं. कधी, ते आठवेना.

"आता आजी, तुम्हीही ऐका," मॅडम म्हणाल्या. "मीठ म्हणजे नुसतं मीठ. शेळीला तांबंही लागतं, जस्त लागतं, कोबाल्ट लागतं. अगदी कणभर, पण लागतंच. ते बाभळी-बोरीच्या पाल्यातून मिळायचं, तो पाला आता नाही. वर मिठागराच्या चिखलाला तो सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, तो गंधकाचा. ते गंधक कोठीपोटात गेलं की तांब्याला धरून बसतं, अंगी लागू देत नाही."

"तांबं म्हणजे भांड्याचं?" सान्वीने विचारलं.

"तेच. वायरीवर प्लास्टिक असतं बघ. तसं पाठीच्या कण्यातल्या नसांवर एक आवरण असतं. करडू आईच्या पोटात असतानाच ते तयार होतं, आणि त्याला तांबं लागतं. तांबं नसेल तर निरोप मागच्या पायांपर्यंत पोचत नाही. केसांचा काळा रंगही तांब्यावरच अवलंबून असतो."

"मंग ही वीट?" सुलूबाईंनी विचारलं.

"वीट चांगली आहे. हिच्यात सगळं आहे. पण वीट करणारे त्यात मीठही घालतात, कारण जनावर मिठाच्या ओढीने चाटतं आणि बाकीचं त्याबरोबर पोटात जातं. तुमच्या शेळ्या मीठ खाऊनच घरी येतात. त्या कशाला चाटतील?"



"म्हंजे धाकूचं चुकलं," सुलूबाई म्हणाल्या.

दिव्याने मान वळवली. मॅडम घाईघाईने म्हणाल्या, "तसं नाही आजी, कोणालाही वाटलं असतं—"

"चुकलं तर चुकलं म्हना. त्याला काय झालं."

श्रावणापासून धाकूबद्दल जो तो चांगलंच बोलत होता. असा मुलगा होणे नाही, देवमाणूस होता, कुणाला कधी दुखवलं नाही. सुलूबाईंना त्यातला एकही शब्द ओळखीचा वाटला नव्हता. विटेबद्दल मात्र तो चुकला होता, आणि चुकीची गोष्ट छाती काढून सांगत होता. तो धाकू त्यांच्या ओळखीचा होता. त्यांनी विटेकडे पाहिलं. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

"काळीला व्यायला महिना-सव्वा महिना असेल," मॅडम म्हणाल्या. "खनिजाची पावडर देते, कोंड्यात कालवून रोज द्या. हा चमचा, सपाट. जास्त नको, तांबं जास्त झालं तर तेही विषच. मिठागर बंद. पण आजी, खोटं सांगत नाही. करडाचं बरंचसं घडणं होऊन गेलं असेल. उशीर झालाय की नाही ते आज सांगता येणार नाही."

"बरं," सुलूबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी शेळ्यांनी घमेल्यात तोंड घातलं, फुरफुरल्या आणि मागे सरल्या. काळी तर अशी शिंकली की पावडर सुलूबाईंच्या तोंडावर उडाली. दुसऱ्या दिवशी गूळ घातला. गुळाचे खडे तेवढे वेचून खाल्ले. तिसऱ्या दिवसापासून सुलूबाई पाटावर बसून एकेक मूठ कोंडा काळीच्या तोंडापुढे धरू लागल्या. ती हुंगायची, मान फिरवायची, पुन्हा हुंगायची. सुलूबाईंना घाई नव्हती. चड्डीत मुतलेली, रडणारी, घरी जायचंय म्हणून दाराला लोंबकळणारी पोरं त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळली होती. हात पुढे धरून गप्प बसून राहायचं, इतकंच असतं. शेवटी काळीने एक घास घेतला.

दुपारी शेळ्या मिठागराच्या वेळेला ओरडायच्या. सुलूबाईही सवयीने काठी घेऊन उठायच्या आणि पुन्हा बसायच्या. दिव्या येताना बाजारातून फ्लॉवरचा पाला आणायची, कधी दवाखान्यामागच्या सुबाभळीच्या फांद्या. पिशवी दारात टेकवून म्हणायची, "बसमध्ये एक बाई म्हणाली, 'बहनजी, ये कौन सी सब्जी है?' मी म्हटलं, चखके देखो."

एकदा सान्वीने विचारलं, "आजी, पोटात तर अंधार असतो. मग ते छोटे जीव पाला शोधतात कसा?"

"चाचपडून," सुलूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "लाइट गेल्यावर तू पाण्याचा माठ कसा शोधतेस? तसं."

सान्वीने त्यांच्याकडे पाहिलं. आजीने पुढचं वाक्य बऱ्याच दिवसांनी जोडलं होतं.

मध्येच फ्रेडी शेळ्या बघायला येऊन गेला. डोंगरीला चर्चच्या मागे त्याची वाडी होती, शेळ्याही होत्या. पन्नाशीचा, पोट सुटलेला, तोंडाने फटकळ माणूस. त्याने विटेची गोष्ट ऐकली आणि कपाळावर हात मारला. "आयला! आमी पन तेच बोलायचो, खाडीच्या शेळीला काय कमी हाय! सुलूबाय, तुझी बकरी म्हंजे आमची बायको टेरेझा. घरात ठेवलंय ते खात न्हाय, आन् बाहेर जाऊन भलतं चाटते."

"टेरेझाला सांगू?" दिव्या म्हणाली.

"नको गो. रविवारचं मटण मिळायचं न्हाय माला." तो काळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "गाभण हाय म्हणून आता नेत न्हाय. व्याली की रविवारी चर्चमधल्या मासनंतर टेम्पो घेऊन येतो. करडू धड असलं तर परत जातो, आसंच ना?"

"उभं राहिलं तर," सुलूबाई म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारी काळी व्याली. सुलूबाई घरी एकट्याच होत्या. एकच करडू, मादी, कपाळावर पांढरा ठिपका. काळीने चाटून कोरडी केली. सुलूबाईंनी तोंडातला चिकट पदार्थ काढला, नाळ बघितली आणि मागे सरून भिंतीला टेकून बसल्या. शब्द दिला होता. पायांवर उभं राहायचं म्हणजे त्याचं त्याने.

करडाने पुढचे पाय रोवले. मागचं अंग उचललं, ते डोललं, खाली आलं. पुन्हा उचललं. पुन्हा आलं. चांदरीच्या करडांना मागचं अंग उचलताच आलं नव्हतं. हिला उचलता येत होतं, ठेवता येत नव्हतं. सुलूबाई बघत राहिल्या. बसमधून बाहेरची झाडं बघावीत तशा. ऊन उंबऱ्यावरून सरकत गोठ्यात आलं. करडू उठत होतं आणि पडत होतं. एकदा ते उठलं, तीन-चार पावलं गेलं, मागचे पाय एकमेकांत अडकले आणि कुशीवर पडलं. काळी ओरडली.

दिव्या आली ती चपला न काढताच गोठ्यात आली. "उभं राहिलं?"

"ऱ्हातं. पडतं."

"म्हणजे हो की नाही, आई?"

"माला म्हाईत न्हाय."

दिव्याने मॅडमना व्हिडिओ पाठवला. मॅडमचा फोन आला. थोडा परिणाम झालाय, म्हणाल्या. चांदरीच्या करडांइतका नाही. जगेल. चाल कदाचित सुधारेल, कदाचित अशीच डोलती राहील. खाली गोणपाट टाका, घसरू देऊ नका, दूध पाजताना आधार द्या. काळीला पावडर चालू ठेवा, पुढच्या वेतात करडाला त्रास होऊ नये.

"पुढच्या वेतात," दिव्या फोन ठेवत म्हणाली. "पुढचं वेत कोणाकडे, ते परवा ठरेल."

शनिवार तसाच गेला. सान्वीने करडाचं नाव ठेवायचं म्हटलं, तर दिव्या म्हणाली, "नको, थांब." सुलूबाई दर थोड्या वेळाने करडाला उचलून काळीच्या आचळाशी नेत होत्या. एका हाताने आचळ, दुसरा हात करडाच्या पोटाखाली. ते अंगठ्याएवढ्या शेपटीचा चाळा करत दूध ओढायचं. हात काढला की डोलायचं. गोणपाट सरकलं तर नीट करायचं, हात पुन्हा पोटाखाली. बाकी काही विचार करायचा त्यांना सुचलं नाही.

रविवारी फ्रेडी आला. मासला घातलेला इस्त्रीचा शर्ट अंगात, टेम्पो बाहेर रस्त्यावर उभा. दिव्या दारात आली.  खोलीवाल्याला संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं.

"काय सुलूबाय? धाकूची बकरी काय बोलते?"

गोठ्यात सुलूबाई उकिडव्या बसल्या होत्या. करडू त्यांच्यापुढे होतं. चार पायांवर, मान वर, कान ताठ. सुलूबाईंचा उजवा हात त्याच्या पोटाखाली होता.

"उभं हाय का?" फ्रेडीने विचारलं.

"उभं हाय," सुलूबाई म्हणाल्या.

फ्रेडीने पाहिलं. जन्मभर शेळ्या पाळलेला माणूस, त्याला बघायला वेळ लागला नाही. त्याने दिव्याकडे पाहिलं. दिव्या सासूच्या हाताकडे बघत होती.

"आजी," सान्वी हळूच म्हणाली, "तू धरलंयस."

"हो."

"मग ते स्वतःहून नाही ना उभं?"

सुलूबाईंनी मान वळवली. सान्वीच्या डोळ्यांसमोर डोळे येतील इतक्याच उंचीवर त्या बसलेल्या होत्या. "न्हाय. माज्या हातावर उभं हाय," त्या म्हणाल्या. "तू पयल्यांदा उभी राहिलीस तवा तुजा बाप तुज्या काखेत हात घालून बसला हुता, आन् सगळ्या गावाला सांगत हुता, पोरगी उभी राहिली. कुनी त्याला खोटा न्हाय बोललं."

आवाज नेहमीचाच होता, सपाट. पण हात निघाला नाही. फ्रेडी खाली वाकला, करडाचे मागचे पाय दोन बोटांनी चाचपले आणि उठला.

"जल्ला मेला माझा टेम्पो," तो म्हणाला. "भाईंदरहून भाड्याने आणलाय गो. रिकामा नेऊ?"

"रिकामाच न्या," सुलूबाई म्हणाल्या.

सगळे दिव्याकडे बघायला लागले. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. तिच्या चेहऱ्यावर राग होता, दमणूकही होती. रोजची ती बस होती, रिक्षा होती, पिशवीतला फ्लॉवरचा पाला होता. 

"अंकल, चहा घेऊन जा," शेवटी ती म्हणाली. "आल्यासरशी त्या सुबाभळीच्या फांद्या टेम्पोतून आणून दिल्यात तर बरं होईल. दवाखान्यामागे तोडून ठेवल्यात. मी बसमधून आता नाही आणणार, सांगून ठेवते."

"बघ! शेळ्या न्हाय मिळाल्या, हमाली मिळाली," फ्रेडी म्हणाला आणि ओट्यावर जाऊन बसला.

दिव्या चहा टाकायला आत गेली. आतून तिचा फोनवरचा आवाज आला, खोलीवाल्याशी हिंदीत बोलत होती. "हाँ भैया... नहीं, अभी नहीं... आप दूसरे को दे दो."

करडू सुलूबाईंच्या मनगटावर मुतलं. ऊन ऊन धार कोपरापर्यंत ओघळली. सान्वी खिदळली.

"हसतेस काय," सुलूबाई म्हणाल्या. "फडकं आन. आन् येताना त्या पावडरीचा डबा घेऊन ये. सपाट चमचा कसा भरायचा ते दाखवते."